सादडपाड्याची शीव

३ ऑगस्ट

मन्या,

वर 'चिरंजीव' नाही आणि 'अनेक आशीर्वाद'ही नाहीत, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. राग आहे, तो दिसू दे. फोन तू उचलत नाहीस. उचललाच तर संपदा गोड आवाजात सांगते, "हे मीटिंगमध्ये आहेत, ताई." रविवारी दुपारी कसली रे मीटिंग? म्हणून हे पत्र. जन्मभर अंगणवाडीचे अहवाल लिहून हात इतका सरकारी झालाय, की सख्ख्या भावाला लिहितानाही आधी 'विषय' आणि मग 'संदर्भ' लिहावंसं वाटतं. तर विषय: तू. संदर्भ: जूनमधला तुझा पंचनामा.

मंडळ अधिकारी झाल्यावर तू पहिल्यांदा वसाहतीत आलास तो जीपमधून. मी वेडी, सकाळपासून नागलीच्या भाकरी थापत बसले होते. तू घरात पाऊल टाकलं नाहीस. निंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलास, शेजारी तो चष्मेवाला कारकून, आणि आपल्या म्हाताऱ्या भगताला, बुधाआजाला विचारलंस, "बाबा, हे तुमचं गाव का?"

आजा म्हणाला, "नाय. आमचं गाव धरणाखाली. हितं आमी निस्तं राहतो."

तू ते लिहून घेतलंस आणि त्याखाली त्याचा अंगठा उठवलास.

आता कचेरीतून नोटीस आली आहे. सातपूरच्या पुढून निघणारा मोठा रस्ता आपल्या वसाहतीवरून जाणार म्हणे. आणि रहिवाशांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय ना, की हे त्यांचं गाव नाही, मग त्यांना उठवायला हरकत ती काय? दिवाळी झाली की घरं रिकामी करा, दुसरीकडे कुठल्याशा माळावर पत्र्याच्या खोल्या देऊ. पाणी चढलं तेव्हा एकदा उठवलं, आता डांबरासाठी पुन्हा उठवणार.

दुसऱ्या कुठल्या साहेबाने ते लिहून घेतलं असतं, तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! पण तुला ठाऊक होतं. तू विसरलास असं धरून पुन्हा सांगते. सादडपाड्याच्या शिवेवर आपला वाघदेव होता. लाकडी फळी, तीवर कोरलेला वाघ, वर चांद आणि सूर्य. त्याला शेंदूर लावताना तू स्वतःचं नाकही रंगवून घ्यायचास आणि आईचा धपाटा खायचास. ज्या जागेला वाघदेव नाही, जिथं शीव बांधलेली नाही, ती जागा आपल्यात गाव होत नाही, मग तिथं पिढ्या जावोत. धरण भरलं तेव्हा आपण दारं आणली, पाटे-वरवंटे आणले, शेळ्या आणल्या. वाघदेव आणला नाही, कारण शिवेचा देव शीव सोडत नाही. आणि त्याला तिथं बुडवून इथं दुसरा मांडायचा कुणाला धीर झाला नाही. दर वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, आपण धरणाच्या काठावर जातो, पाण्याकडे तोंड करून नारळ फोडतो आणि परत येतो.

म्हणजे बुधाआजा खोटं बोलला नाही. आपल्या कोकणा जमातीतला माणूस त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच देणार नाही. आणि त्या अख्ख्या जीपमध्ये त्याच्या बोलण्याचा अर्थ कळणारा एकच माणूस होता, तो तू. एवढं तरी विचारायचंस ना, "आजा, कुठल्या अर्थाने म्हणतोस?" तेवढं बोलायला तुझी जीभ झिजली असती का?

भाकरी शेळीला घातल्या. तिने मुकाट खाल्ल्या.

— नवसाअक्का


२० ऑगस्ट

मन्या,

उत्तर नाही. बरं. मला बोलायला समोर माणूस लागतोच असं नाही, हे तू लहानपणापासून बघतो आहेस.

पंधरा ऑगस्टला आम्ही ग्रामसभेला गेलो होतो. आपली कुठे, शेजारच्या गावाची. त्यांच्या पंचायतीला आपलं शेपूट जोडून ठेवलंय ना! झेंडा झाला, जिलेबी झाली. मग लंकाबाई उठली. तुला ती आठवणार नाही. माझ्या शेजारी राहते, सातपूरच्या कारखान्यात कॅन्टीनला पोळ्या लाटते, आणि तिचा आवाज तिथल्या भोंग्याशी स्पर्धा करतो. म्हणाली, "आमची वसाहत उठवू नका, असा ठराव घ्या." सरपंच म्हणाला, "बाई, तुम्ही धरणवाले. तुमचा विषय पंचायतीत बसत नाही." लंकाबाईने विचारलं, "मंग आमी कुठं बसायचं?" तो हसून म्हणाला, "बसा की, खाली सतरंजी हाय."

ते हसू नडलं बघ. आम्ही सगळ्या बाया उठलो. कुणी कुणाला सांगितलं नाही. पदर खोचले आणि चालत वसाहतीत आलो, निंबाखाली बसलो. लंकाबाई म्हणाली, "आजपास्नं आपलं सरकार हितं बसंल." सगळ्या फिदीफिदी हसल्या. बायडाबाई म्हणाली, "मंग मला आरोग्यमंत्री करा बया, माझे गुडघे लय दुखत्यात." असं ते हसण्यावारी सुरू झालं. पण दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांडणाचा निवाडा निंबाखालीच झाला, तिसऱ्या दिवशी दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला निंबाखालीच उभा केला, आणि आता पोरं शाळेतून येताना निंबाला 'मंत्रालय' म्हणतात.

तुला एक सांगू? कुणाला सांगू नकोस. आपल्या धरणाचं पाणी शहराकडे आणि कारखान्यांकडे जातं ना, तो मोठा पाइप आपल्या वसाहतीखालून जातो. नळ नाही आपल्याला त्याचा. पण मागच्या उतारावर त्याचा एक व्हॉल्व्ह आहे, तो गळतो, तिथं आम्ही हंडे लावतो. हंडा भरेपर्यंत मी पाइपाला कान लावते. आत घूं होत असतं. डोळे मिटले की त्या घूंमध्ये काय काय येतं! जात्याची घरघर येते. शाळेच्या घंटेचा टोल येतो. सादडाच्या झाडीतला वारा येतो, आणि मग पोरींची कलकल. मी एकटीच नाही हं. बायडाबाईपण कान लावते, तिला तिच्या नवऱ्याचं खोकणं ऐकू येतं. आम्ही एकमेकींना वेड्यात काढतो आणि उद्या पुन्हा जातो.

आणि स्वप्न तेच. पाण्याच्या आत सादडपाडा कोरडा ठणठणीत आहे, ऊन पडलंय, फक्त ते हिरवं आहे. वाशांमधून मासे चिमण्यांसारखे ये-जा करतात. आपल्या ओट्यावर कोण बसलेलं असतं, ते तुला सांगायला नको.

— अक्का


७ सप्टेंबर

मन्या,

व्हॉल्व्ह बंद केला. वेल्डिंग मारून. 'पाण्याची चोरी' असा कागद लावला तिथं. गाव आमचं बुडालं, पाणी त्याच्यावर साठलं, आणि चोर कोण, तर आम्ही! हे तुझ्या सहीने झालं की वरून झालं, मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

पण तुझ्या साहेबांना एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. आपल्या वसाहतीतली निम्मी पोरं सातपूरला व्हॉल्व्हच बनवतात. दुसऱ्या पाळीहून आली, डबे ठेवले, आणि चहा व्हायच्या आत वेल्डिंग कापून नवा व्हॉल्व्ह बसवला. पहिल्यापेक्षा झकास, थेंब गळत नाही. मग हंडे भरायला त्यालाच नळाची चावी लावली.

सकाळी पोलीस आले, तीन पोरांना घेऊन गेले. तेव्हा मात्र हसणं संपलं. आम्ही सगळ्या चौकीवर जाऊन बसलो. घोषणा नाहीत, काही नाही. बायडाबाईने गुडघे धरून ओवी म्हणायला सुरुवात केली, आम्ही मागून म्हणत राहिलो. आपली जुनी, पेरणीची. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, थांबायचंच नाही. डोळे मिटून म्हणत होते मी, आणि खरं सांगते, ती चौकी कुठंतरी गेली. ओल्या मातीचा वास आला. साहेबाने कपाळावर हात मारला, म्हणाला, "घेऊन जा बाई तुमची पोरं, पण हे बंद करा."

परत आलो आणि वसाहतीच्या तोंडाशी बांबू आडवा टाकला. सरकारचा माणूस आत नाही. तुझा चष्मेवाला कारकून नोटीस घेऊन आला, त्याला बांबूच्या पलीकडे खुर्ची दिली, चहा दिला, वर एक बिस्कीट दिलं. नोटीस घेतली नाही. तो बिचारा म्हणाला, "मावशी, मी तर हुकमाचा ताबेदार." लंकाबाई म्हणाली, "आमीपण. आमचा हुकूम निंबाखालून येतो." मतदार ओळखपत्रं गोळा करून टोपलीत ठेवली आहेत, ती परत पाठवणार आहोत. असं सगळं जोरात चाललं होतं आणि मला वाटलं, झालं, राज्य आलं!

तेव्हा बुधाआजा आला. बांबूकडे बघून म्हणाला, "बांबू टाकला, पण कशावर टाकला? शीव कुठं हाय? जी जागा तुमी गावच मानली नाय, ती राखायला बसलाव व्हय?"

आजाचं खरं होतं. सरकारने आपल्याला गाव म्हटलं नाही म्हणून आपण पेटलो, आणि आपण स्वतः तरी कुठं म्हटलं होतं?

तर ठरलं आहे. शीव बांधायची. नवा वाघदेव मांडायचा. नाव सादडपाडाच ठेवायचं. बुधाआजा म्हणाला, एका नावाची दोन गावं नसतात, तेव्हा जुन्याकडून नाव सोडवून घ्यावं लागेल, आणि एकदा सोडवलं की मग काठावर जायचं नाही, तिकडं तोंड करायचं नाही. आणि रीत तुला आठवते का? प्रत्येक चुलीची एक मूठ नागली लागते. ती सगळी एका टोपल्यात घेऊन भगत शिवेवरून फिरतो आणि पेरत जातो. एका चुलीची मूठ कमी पडली तरी शीव बसत नाही.

बाबांच्या नावचं घर कुलपात आहे. किल्ली तुझ्याकडे. चूल तुझी. सगळ्यांची नागली आली आहे, तुझीच तेवढी राहिली. एक मूठ पाठव. पोस्टाने पाठवलीस तरी चालेल, आजाला विचारून घेतलंय.

— अक्का


२७ सप्टेंबर

मन्या,

आला बाबा तुझा कागद. कारकुनाच्या हातून, घडी घातलेला, पत्त्याशिवाय. मोजक्या ओळी. 'अक्का, मी शासकीय सेवक आहे. वसाहतीचं काम माझ्याकडे मुद्दाम दिलंय, आपली माणसं माझं ऐकतील म्हणून. मला अडचणीत आणू नकोस. कचेरीच्या पत्त्यावर लिहू नकोस. नागलीचं जमणार नाही.'

वाचून आधी जाळावासा वाटला. मग पुन्हा वाचला. 'मुद्दाम दिलंय' इथं तुझं पेन जरा दाबलं गेलंय, पलीकडून उमटलंय. मी पोरांची अक्षरं बघत म्हातारी झाले रे.

नोकरीचं सांगतोस? घटकाभर बसून विचार कर. प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरटी एकच मिळतो. आपल्या घरचा बाबांनी तुला दिला. त्या दाखल्यावर गावाचं नाव काय आहे? ज्या खुर्चीवर तू बसतोस तिचे चारही पाय सादडपाड्यात रुतलेले आहेत. मला तो दाखला नको होता, तेव्हाही नाही आणि आताही नाही. तुला मिळाला म्हणून गावभर गूळ मीच वाटला होता.

पण रागावून झालं की एक गोष्ट उरतेच, ती लिहिते. मागच्या पत्रात मी लिहिलं की तुझीच मूठ राहिली. तसं नाही. माझीही राहिली आहे. लंकाबाई रोज टोपलं घेऊन दारात येते आणि मी म्हणते, "मन्याची आली की दोन्ही एकदम टाकते." म्हणजे मी तुझ्या आडून लपले आहे. तुझं उत्तर येऊ नये असंही मला कधी कधी वाटतं.

तुला कारण ठाऊक आहे. माझी मंजी तिथं आहे. ज्या पावसाळ्यात धरणाच्या भिंतीचं काम संपलं त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली, ओढ्याच्या वरच्या अंगाला तिला ठेवली. तूच तर नेलीस तिला, तुझ्या खांद्यावरून. बाकीच्यांनी आपली माणसं उठताना मनातल्या मनात सोबत घेतली असतील. मला जमलं नाही. ती लहान होती, एवढं लांब चालली नसती.

ती येते रे स्वप्नात. रोज नाही, पण येते. ओट्यावर बसून चिंचोके खेळत असते, वरून पाण्यातून ऊन झिरपत असतं, तिचे केस हळूहळू वर तरंगत असतात. बोलत नाही फारसं. "आई, मोज," एवढंच म्हणते. मी मोजायला लागते आणि जाग येते.

शीव इथं बांधली की तिथली सुटणार. सुटली की ती कुठल्या गावची राहणार? हे मी बुधाआजाला विचारलं. तो नुसता जमिनीकडे बघत राहिला. भगताला उत्तर येत नाही म्हणजे काय ते तूच समज.

— अक्का


११ ऑक्टोबर

मन्या,

काल लंकाबाई माझ्यावर ओरडली. साऱ्या वसाहतीसमोर, भर दुपारी. पोलीस बंदोबस्तात मोजणी तेरा तारखेला ठरली, मोजणीचं यंत्र घेऊन तू स्वतः येणार, असा कागद आला तेव्हा. म्हणाली, "नवसाबाई, एका मेलेल्या पोरीपायी आमची जिती पोरं उठवतीस का?"

मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात कधी कुणावर हात उचलला नव्हता. ती रडली नाही, उलट मारलं नाही. तिथंच मातीत बसली आणि माझे पाय धरले, म्हणाली, "मार, अजून मार. पण मूठ दे बाई." मग मीही खाली बसले. आम्ही दोघी किती वेळ रडत होतो कोण जाणे. बायडाबाईने दोघींना पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "सरकार असं रस्त्यात बसून रडत न्हाय, उठा."

आज मी धरणावर जाऊन आले. पेठची एसटी धरली, फाट्यावर उतरले, पुढे चालत. ऊन होतं, पण पाण्यावर धुकं बसलेलं होतं. एवढ्या उन्हात धुकं कसं, विचारू नकोस, होतं. त्या धुक्यात पलीकडचा डोंगर दिसत नव्हता, त्यामुळे पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं काही कळेना. मी काठावर बसले, पाय पाण्यात सोडले. मनात पुष्कळ ठरवून गेले होते काय काय बोलायचं. बोलायला गेले तर अंगणवाडीचीच भाषा तोंडात आली. "सगळ्या पोरांनी रांगेत उभं राहायचं. कुणी मागे राहायचं नाही." असं म्हणत बसले मी वेड्यासारखी, पाण्याकडे बघून.

एक बगळा होता, तो उडून गेला. बाकी काही झालं नाही. खूण मिळेल असं वाटलं होतं, तसं काही नसतं. येताना गाडीत एका बाईने मला बसायला जागा दिली आणि विचारलं, "मावशी, कुठल्या गावच्या?" मला सांगता येईना. तिला वाटलं मला ऐकू येत नाही.

मूठ बांधून ठेवली आहे. परवा टाकेन की नाही, आज विचारशील तर मी शपथ घेऊन सांगू शकत नाही. तू येणार आहेस. तुला आत सोडायचं की नाही, हे माझ्यावर सोडलंय निंबाने. काय करू, सांग ना. नाहीतर सांगू नकोस. तुझं ऐकून मी कधी काय केलंय?

— अक्का


१९ ऑक्टोबर

चिरंजीव मनोज यास,

तुझ्या घरच्या पत्त्यावर लिहिते आहे, कारण कचेरीत तू सध्या बसत नाहीस असं कारकून सांगून गेला. चौकशी लागली म्हणे तुझ्यावर. आता तो आत येऊन चहा पितो.

तेरा तारखेचं तुला काय सांगायचं, तू तिथंच होतास. पण तुझी नजर बहुतेक वेळ फायलीत होती. माझ्या बाजूने काय दिसलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या आपणच म्हणू की स्वप्न पडलं होतं.

पोलिसांची गाडी लांब थांबली. सोबत आलेला नायब तहसीलदार रुमालाने मान पुसत होता. यंत्र खांद्यावर घेतलेला मोजणीदार, आणि पुढे तू. बांबूपाशी आलास आणि थांबलास. बुधाआजाने कुठल्याही परक्याला विचारावं तसं विचारलं, "कोण? कुणाकडं?" मला वाटलं, हा आता बांबू उचला म्हणेल, आणि मग पोलीस उचलतील, आणि संपेल सगळं.

तू फाइल उघडलीस. मोठ्याने, साहेबाच्या आवाजात म्हणालास, "जूनमधला जबाब अपुरा आहे. जबाब नव्याने घ्यायचा आहे." नायब तहसीलदार म्हणाला, "अहो, त्याची काय गरज?" तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. विचारलंस, "हे तुमचं गाव का?"

बुधाआजा बोलला नाही. लंकाबाई बोलली नाही. भोंग्यासारख्या त्या बाईने दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण टोपल्यात माझी मूठ नव्हती. मन्या, टोपलं चार पावलांवर होतं. पण मी पाण्यातून चालत होते. पाय उचलायला जड, कानात तेच पाइपातलं घूं, आणि ऊन सगळं हिरवं. मूठ उघडली तेव्हा नागली हाताला चिकटली, घामाने. झटकावी लागली.

मी म्हणाले, "होय. हे आमचं गाव. सादडपाडा."

तू लिहिलंस. उभ्या उभ्या, फाइल हातावर धरून, अक्षर नक्की वाईट आलं असणार. मग विचारलंस, "शीव कुठवर?" आणि बुधाआजा म्हणाला, "चल, दावतो."

तू वहाणा काढल्यास. तुला सांगितलं नव्हतं कुणी. पुढे आजा नागली पेरत, त्याच्यामागे तू अनवाणी, तुझ्यामागे ते तीन पायांचं यंत्र, आणि मागे सगळं गाव. मोजणीदाराला वाटलं असेल, ही काय नवीन पद्धत! तो जिथं यंत्र टेकवायचा तिथं बायडाबाई हळद वाहायची. पोलीसपण चालत होते मागून, एकाने तर टोपीत थोडी नागली मागून घेतली. सरकारने आपल्याला मोजलं आणि आपण शीव बांधली, एकाच फेरीत. लढाई असं जिला म्हणतात ती मला वेगळीच वाटली होती.

फेरी पुरी होताना आजा थांबला, टोपल्यात बघून म्हणाला, "एक चूल राहिली." तू खिशातून काढलंस काय, तर प्लास्टिकची पुडी, मॉलमधली, तिच्यावर 'सेंद्रिय नाचणी' आणि किंमत! सगळा गाव हसला. मीही हसले, आणि हसता हसता माझा हुंदका बाहेर पडला, तो त्या हसण्यात कुणाला ऐकू आला नसेल. तुला आला. तू माझ्याकडे बघितलंस, जूनपासून पहिल्यांदा.

रस्ता रद्द झालेला नाही. वकील म्हणतो, आता कागदावर गाव आणि शीव दोन्ही आली आहेत, सुनावणी झाल्याशिवाय कुणाला हात लावता येणार नाही, आणि सुनावणीला वर्षं लागतात. लंकाबाई म्हणते, वर्षं आपल्याकडे आहेत. तुझ्यासाठी तिने तुझं घर झाडून ठेवलंय, कुलूप पोरांनी काढलं. नोकरी गेलीच तर ये, निंबाखाली महसूलमंत्र्याची जागा रिकामी आहे.

परवा वाघबारस झाली. पहिल्यांदाच आम्ही काठावर गेलो नाही. नवा वाघदेव मांडला, कोवळ्या लाकडाचा, अजून त्याला ताज्या रंध्याचा वास येतो. पोरं नाचली. मी सगळ्यांना खीर वाढली. कुणाला काही दिसू दिलं नाही.

तेरा तारखेपासून ती आलेली नाही.

मी झोपते, लवकर झोपते, दुपारीही झोपून बघते. नुसता काळोख असतो, जागी होईपर्यंत. पाइपाला कान लावला, तर पाणी वाहतंय एवढंच ऐकू येतं. बुधाआजा म्हणतो, रीत नीट झाली म्हणून असं. मला ठाऊक होतं हे असं होणार. ठाऊक असून मूठ टाकली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा टाकेन. तरी आज सकाळी भाकरी थापता थापता मी हात तसाच ठेवून बसून राहिले, करपेपर्यंत.

तूही मूठ टाकलीस. म्हणजे तुझीही वाट बंद झाली असेल. पण तू शिवेच्या बाहेर राहतोस, शहरात, तिथले नियम वेगळे असतील. चुकून तुझा डोळा लागला आणि ती दिसली, तर घाबरू नकोस. तुझा खांदा ती ओळखते. मी कुठं गेले म्हणून विचारेल. तिला पत्ता सांग. सातपूरच्या पुढे, मोठ्या पाइपावरून सरळ यायचं, वाटेत निंब लागतो. वसाहत म्हणू नकोस, तिला तो शब्द कळणार नाही. गाव म्हण.

तुझी,
अक्का